पुलावर आलं की

५ नोव्हेंबर, मंगळवार

अजिनाथ आज पिकअपची किल्ली देऊन गेला. कारखान्यात त्याला कायमचं काम लागलं, आनंदच आहे, पण नेमका आत्ताच. मृग बहाराचा पेरू उतरायला लागलाय. रोज सकाळी क्रेट भरून तयार आणि गाडीवर माणूस नाही. ह्यांची कंबर गेल्यापासून तीन हंगाम अजिनाथच गाडी चालवत होता.

जेवताना मी म्हणाले, "मी चालवते." लर्निंग लायसन मी दसऱ्यालाच काढलंय, पण घरात कोणी ते मनावर घेतलं नव्हतं. सासूबाई हसल्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. "अगं बाई, गाडी म्हंजे काय लाटणं हाय का," म्हणाल्या. हे हसले नाहीत. भाकरी मोडत बसले, मग म्हणाले, "राहाता, शिर्डी ठीक हाय. नदीपल्याडचं नंतर बघू."

नदीपल्याड म्हणजे येवल्याचा व्यापारी. मोठा माल तोच उचलतो. नंतर बघू म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही.

भावकीतले आबासाहेब एसटीतून रिटायर झालेत. ते शिकवायला तयार आहेत.

९ नोव्हेंबर

गाडी शिकताना माणसाला आपले पाय नव्याने कळतात. बेचाळीस वर्षं हे पाय माझे आहेत, पण डावा माझं ऐकतच नाही. आबासाहेब म्हणतात, "सूनबाई, क्लचला लाथ मारू नका. पाय ठिवा निस्ता, देवळाच्या पायरीवर ठिवता तसा." आज एका कोंबडीसाठी दोनदा गाडी बंद पाडली. कोंबडी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती.

१८ नोव्हेंबर, सोमवार

प्रचाराचा शेवटचा दिवस, त्यामुळे शिर्डी रस्त्यावर भोंग्यांच्या गाड्याच गाड्या. त्यांच्यामधून मी भरलेली पिकअप नेली! आबासाहेब शेजारी बसून डुलकी घेत होते, म्हणजे भरवसा बसला असणार. बाजारात दोन बायका माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलल्या. मी हॉर्न दिला. उगाचच.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "चांगलं झालं." मग म्हणाले, "शिर्डीतच खपतोय की माल. येवल्याला कशाला जायचं?"

२४ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण मला ते कळलेलं नाही.

येवल्याला निघालो. आबासाहेब शेजारी. सकाळची वेळ, ऊन छान, गाडी सरळ चाललेली. गोदावरीचा पूल आला. पुढे उसाचे ट्रॅक्टर होते, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. पुलाच्या मधोमध ते थांबले. मागे ट्रक. मी ब्रेक लावला आणि बसून राहिले.

मग बांगड्या वाजायला लागल्या. आधी वाटलं इंजिनमुळे असेल. बघते तर माझे हात थरथरत होते. छाती अशी धडधडायला लागली की आतून कोणी दार ठोकतंय. आबासाहेब काहीतरी बोलत होते, पण कानावर गोधडी टाकल्यासारखं झालं होतं. श्वास घेत होते पण तो पुरतच नव्हता. बोटांना मुंग्या आल्या. आणि एक विचार, अगदी स्वच्छ: मी आत्ता मरणार, आणि पेरू इथेच राहणार.

आबासाहेबांनी मला सरकवलं, स्टिअरिंग घेतलं. पूल संपला, आणि थोड्या वेळाने ते सगळं गेलं. जसं आलं तसंच. मला भूक लागली होती!

ना कोणी धडकलं, ना कोणी ओरडलं. मग घाबरले कशाला?

२५ नोव्हेंबर

ह्यांना आबासाहेबांनी कालच सांगितलं असणार. सकाळी चहा घेताना ह्यांनी खाली बघत विचारलं, "हाताला मुंग्या आल्या व्हत्या का? ओठ बधिर झाल्ते?"

खरंच ओठही बधिर झाले होते. हे मी आबासाहेबांनाही सांगितलं नव्हतं. ह्यांना कसं कळलं? मोबाईलवर काहीतरी बघितलं असेल.

२७ नोव्हेंबर, बुधवार

राहात्यात डॉक्टरबाईंकडे गेले. तरुण आहेत, घाई करत नाहीत. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. हृदय चांगलं आहे म्हणाल्या. मला जरा वाईटच वाटलं. एवढं सगळं होऊन हृदय चांगलं?

"याला आम्ही एन्झायटी म्हणतो," म्हणाल्या. "हा त्याचा झटका होता."

"मराठीत?"

त्या थांबल्या. "चिंता म्हणतात. पण तो शब्द मला पुरत नाही."

मलाही पुरला नाही. चिंता मला माहीत आहे. आमचा मुलगा समर्थ पुण्यात नोकरीला लागेपर्यंत मी चिंतेतच होते. चिंता डोक्यात असते, तिला कोणाचं तरी नाव असतं. भीती म्हणावी तर समोर साप पाहिजे, कुत्रं पाहिजे. पुलावर तर समोर ऊस होता.

डॉक्टरबाईंनी मग कारखान्याच्या भोंग्याचं सांगितलं. अंगात एक भोंगा असतो, संकट आलं की वाजतो, मग हातपाय पळायला तयार होतात. कधी कधी तो उगाचच वाजतो. "भोंगा खरा असतो, आग नसते," म्हणाल्या. "आणि ज्या जागेला तो वाजला, ती जागा टाळायला लागलात तर तिथे तो रोज वाजणार. थोडं थोडं जवळ जात राहा. नाही जमलं तर गोळी देऊ."

उगाच का वाजतो, ते विचारायचं राहिलं.

३० नोव्हेंबर

मी आता दिसेल त्याला विचारते. ओट्यावर आत्या आणि शेजारच्या झुंबरबाई वाल सोलत होत्या, मी मध्येच विषय काढला.

झुंबरबाई म्हणाल्या, "मला नाय बाई कधी असलं." मग मूठभर शेंगा सोलून झाल्यावर, "आता लिफ्टचं सोड. पुण्याला जावयाकडं लिफ्टमधी पाय ठिवला की पोटात कालवतं. मी आपली जिन्यानं जाते. गुडघ्यासाठी चांगलं आसतं म्हन्ते."

आत्या म्हणाल्या, "आमी त्याला घालमेल म्हनायचो. नवी सून होऊन आले तव्हा दिवस मावळला की जीव खाली-वर व्हायचा. कोनी मारत न्हवतं, कोनी बोलत न्हवतं. चूल पेटली की जायचं."

"कोणाला सांगितलं?"

"काय सांगायचं? दिवस मावळतो म्हनून?"

घालमेल. हा शब्द चिंतेपेक्षा जवळचा आहे, त्यात हालचाल आहे. मी ह्यांना हाक मारली, तुम्हाला कधी असं झालंय का म्हणून. हे दारातच उभे होते. पाणी बदलायचंय म्हणून बागेत गेले. पाणी सकाळीच बदललं होतं.

२ डिसेंबर

आबासाहेब त्या दिवशी पुलावरून परतताना मला म्हणाले होते, "एसटीत एवढी वर्सं गेली, एकाही ड्रायव्हरला आसलं झालेलं पाह्यलं न्हाई." आज पेरू खायचं निमित्त करून एकटेच आले. दोन पेरू खाऊन झाल्यावर म्हणाले, "सूनबाई, एक सांगायचं राह्यलं. घाटाची ड्यूटी लागली की आदल्या दिवशी मला जेवान जायचं न्हाई. आमच्या हिला वाटायचं बाहेर खाऊन आलो."

"घाटात काही झालं होतं का?"

"कायच न्हाई. रिटायर होईपर्यंत कायच झालं न्हाई." आणि मला म्हणाले, ज्ञानेश्वरला, म्हणजे ह्यांना, नका सांगू.

लोक साखर वाढल्याचं चारचौघांत सांगतात, मूळव्याधीचंसुद्धा सांगतात. हे का लपवतात?

८ डिसेंबर, रविवार

आज आबासाहेबांबरोबर पुलाच्या तोंडापर्यंत गेलो. मीच थांबवली गाडी. छातीत ठोकायला सुरुवात झाली, पण या वेळी मी बघत बसले, पाहुण्याकडे बघावं तसं. आधी पोट, मग हात, मग कान. वाढत वाढत गेलं आणि मग उतरलं. उतरतं हे मला माहीत नव्हतं. मागच्या वेळी पूल संपला म्हणून गेलं असं वाटलं होतं. आज तर पूल समोरच होता.

ओलांडला मात्र नाही. माल परत शिर्डीला नेला.

घरी येताना मनात एक आलं ते लिहिते. या पुलाच्या पलीकडे माझं माहेर. माझे वडील, आप्पा, गेले तेव्हा मी याच पुलावरून समर्थबरोबर गेले. हे आले नाहीत. कंबर. दहाव्यालाही आले नाहीत. कंबर. भाऊ अंगद काही बोलला नाही, आईसुद्धा नाही, पण लोक विचारत होते, जावई कुठंय? मी दोन वर्षं त्यावर काही बोलले नाही आणि विसरलेही नाही. आज मी पुलापाशी थरथरत होते तेव्हाही हे बरोबर नव्हते. माझ्या माणसांच्या वाटेवर हे कधीच बरोबर नसतात.

१० डिसेंबर

पक्कं लायसन मिळालं. फोटोत मी चिडलेली दिसते.

१३ डिसेंबर

हे सकाळपासून झाडावर चढून पेरू काढत होते. भरलेले क्रेट एकावर एक उचलून पिकअपमध्ये लावले. मी बघत राहिले. "कंबर बरी दिसते," मी म्हणाले. बोलायचं म्हणून बोलले. हे एवढे तडकले की हातातला क्रेट आदळला. "उचलायला दुखत न्हाई, बसायला दुखतं! डॉक्टरनी सांगितलंय." कुठल्या डॉक्टरनी?

मग दिवसभर पट्टा बांधून फिरले.

१६ डिसेंबर, सोमवार

डॉक्टरबाईंनी घरातलं कोणीतरी घेऊन या म्हणून सांगितलं होतं. आत्या म्हणाल्या, "जा की रं ज्ञानेश्वर, राहाता काय लांब हाय." तेव्हा आले.

डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "पुलापाशी गेलात तेव्हा सुरुवात कशी झाली?" मी आठवत होते, तेवढ्यात हेच बोलायला लागले.

"सुरुवात पुलावर होत न्हाई. पुलाच्या आधी, ती पाटी दिसते ना, तिथून. तोंडाला कोरड. मग गाडी बारीक झाल्यासारखी वाटती, दारं जवळ येत्यात. मग असं वाटतं की आपन दार उघडून कठड्यावरून... तसं करायचं नसतं, पन करून बसलो तर? त्याचीच जास्त..." आणि थांबले.

मला दारं जवळ आल्यासारखी कधी वाटली नाहीत. कठड्याचं तर माझ्या मनातही आलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कधीपासून आहे?"

"मला? मला कुठं काय. हिचं सांगतोय."

"बरं," म्हणाल्या. हे उठून बाहेर गेले.

येताना गाडी मीच चालवत होते. गावाच्या अलीकडे चिंचा आहेत तिथे हे म्हणाले, "थांबव जरा." मी बाजूला घेतली. हे समोर काचेकडे बघत बोलले, माझ्याकडे एकदाही नाही.

तीन वर्षांपूर्वी, एकटेच माल घेऊन चालले होते. काहीच झालं नव्हतं. पुलावर गर्दी होती एवढंच. "वाटलं हार्टअटॅक. पलीकडं गाडी लावली, उसाच्या शेतात जाऊन बसलो. परत यायचं तर पूल पुन्हा मधी. एका पोराला गाडी चालवायला बसवलं, म्हनलो कंबर धरली. तिथून कंबर."

"एवढी वर्षं?"

"कंबर दुखती म्हनलं की कोन काय विचारत न्हाई, रुपा. हे काय म्हनून सांगायचं? बापाच्या वेळंपासून त्या पुलावरून जातोय."

मग थोड्या वेळाने: "आप्पा गेले तव्हा आल्तो. मोटरसायकलवर. पुलाच्या तोंडाशी टपरी हाय तिथवर. दहाव्याला बी आल्तो. टपरीवर बसलो. आपल्याकडची मानसं गाड्या भरून तिकडंच चालली हुती. त्यांनी वळखू नये म्हनून रुमाल बांधला."

मी गाडी सुरू केली.

१७ डिसेंबर

राग आलाय. भीतीचा नाही, कंबरेचा. तीन वर्षं मी ती कंबर शेकली. तेल लावलं. एक्स-रे काढायला पाठवलं, तोही काढून आणला! स्वतःच्या बायकोला टपरीवरून रुमाल बांधून बघायचं, पण सांगायचं नाही.

आणि मी दोन वर्षं ह्यांना काय काय समजले. ते तरी मी कुठे सांगितलं?

१८ डिसेंबर

अबोला. आत्यांनी दोघांकडे बघितलं आणि स्वतःचं ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसल्या.

२१ डिसेंबर, शनिवार

मला अबोला झेपत नाही, कारण विचारायचं एवढं होतं. बागेत ह्यांच्याशेजारी क्रेटवर बसले आणि विचारलं, "दारं जवळ येतात म्हणजे नेमकं कसं?"

हे आधी बघतच राहिले. वाटलं असेल भांडायला आली. मग सांगायला लागले. मी माझं सांगितलं. ह्यांच्या कानावर गोधडी पडत नाही, उलट आवाज मोठे होतात, इंडिकेटरची टिकटिक हातोड्यासारखी. मला वाटतं आता मरणार, ह्यांना वाटतं आता वेड लागणार. पूल तोच, गर्दी तीच, आणि दोघांना दोन वेगळ्या गोष्टी! नंतर भूक मात्र दोघांनाही लागते. त्यावर आम्ही दोघं हसलो. हे एवढे हसले की डोळे पुसायला लागले, आणि पुसतच राहिले. मी पेरू पुसून क्रेटमध्ये ठेवत बसले.

"आप्पांच्या वेळी मी तुझ्यावर लई अन्याय केला," हे म्हणाले.

"माझ्यावर नाही, माझ्या माणसांवर," मी म्हणाले. "माझ्या आईला सांगायचं का?"

हे उठून क्रेट उचलायला लागले.

६ जानेवारी, सोमवार

मी आता आबासाहेबांबरोबर दोनदा पूल ओलांडला. भोंगा वाजतो, पण जरा लांबच्या कारखान्याचा. हे गोळी घेतात आणि डॉक्टरबाईंकडे एकटे जातात. पट्टा कपाटात गेला. आत्यांना काय सांगितलं कोण जाणे, त्या फक्त म्हणाल्या, "बरं झालं, घामानं वास मारत व्हता."

१९ जानेवारी, रविवार, माहेरी

तिळगूळ द्यायला जाऊ, असं हेच म्हणाले. पहाटे उठून दाढी केली. व्यापाऱ्याचा मालही भरला.

पाटी आली तशी ह्यांनी काच खाली केली. पुलाच्या तोंडाशी म्हणाले, "थांब. उतरतो." मला वाटलं, संपलं. मोटरसायकली, ट्रॅक्टर, सगळे बाजूने चाललेले. हे खाली उतरले, दार लावलं, आणि खिडकीतून म्हणाले, "गाडीत जमनार न्हाई. चालत येतो. तू पलीकडं थांब."

मी एकटीने पूल ओलांडला. हे मी पहिल्यांदाच केलं आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही, कारण सगळं लक्ष आरशात होतं. आरशात हे लहान होत गेले.

पलीकडे गाडी लावून उभी राहिले. मध्यावर हे थांबलेले दिसले, कठडा धरून. खूप वेळ तसेच. मला जावंसं वाटलं. मग वाटलं, हाक मारली तर परत फिरतील. तरी गेलेच. जाऊन शेजारी उभी राहिले. एक मोठा ट्रक गेला आणि पायाखालचा पूल हलला. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"हलला ना?" हे म्हणाले.

"हलला."

"मला वाटायचं मीच."

मी कठड्यावर हात ठेवून पुढच्या ट्रकची वाट बघितली. पुन्हा हलला, बारीक. मला गंमत वाटायला लागली, अजून एक येऊ द्या म्हणाले. ह्यांना गंमत वाटत नव्हती. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे. पण चालायला लागले, आणि मी शेजारून, ट्रकच्या बाजूने. पलीकडे पोचल्यावर गाडीला टेकून उभे राहिले आणि क्रेटमधला एक पेरू न धुता खाल्ला.

व्यापाऱ्याने उशीर झाला म्हणून तोंड वाकडं केलं. दुपारी घरी आलो. आईने ह्यांना दारात बघितलं, काहीच विचारलं नाही. पाय धुवायला पाणी दिलं. अंगदच्या बायकोने गुळाच्या पोळ्या केल्या.

पंगत बसल्यावर अंगद म्हणाला, "दाजी, आमच्या गावच्या एकानं तुम्हाला पुलावर पायी जाताना बघितलं म्हणे. गाडी बंद पडली का काय?"

मी तूप वाढत होते. व्हय, बंद पडली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मीच म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं.

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "गाडीला काय झालं न्हवतं, अंगद. मला होतं. पुलावर आलं की मला होतं. म्हनून तव्हा आलो न्हाई. आप्पांच्या वेळंला."

कोणी जेवेना. अंगदने आईकडे बघितलं. मी तुपाची वाटी हातात धरून उभीच. आईने पदर सारखा केला, पाट ह्यांच्या जवळ ओढला आणि बसली.

"काय होतं?" म्हणाली. "कसं होतं, नीट सांगा मला."

हे सांगायला लागले. पोळ्या गार झाल्या. आई मध्ये मध्ये विचारत होती, मग? मग पुढं? मीही ऐकत होते. त्यातलं काही मलाही नवीन होतं.